आजी-आजोबांना व्हेंटिलेटरवर किती झोपवायचं?

नमस्कार श्रोतेहो. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक मला हमखास एक गोष्ट सांगतात, डॉक्टर, आमच्या बाबांना गाढ झोपवूनच ठेवा, त्यांना काही कळायला नको. त्यामागची माया मला दिसते हो, पण सत्तरी ओलांडलेल्या पेशंटच्या बाबतीत ही गाढ झोप बऱ्याचदा मुळावरच येते.

आता बघा, मिडाझोलाम हे गुंगीचं औषध सगळीकडे मिळतं, स्वस्तही आहे, पण म्हातारपणी ते अंगातल्या चरबीत साठत जातं, त्यात किडनी मंदावलेली असली की विचारूच नका, इन्फ्युजन, म्हणजे औषधाची ड्रिप, बंद केलं तरी माणूस लवकर जागा होत नाही, आणि जागा झाला की कधीकधी डिलिरियम, म्हणजे आजी सलाईनची नळी ओढतायत, गेलेल्या आजोबांना हाका मारतायत, समोर उभ्या मुलाला ओळखत नाहीयेत. घरच्यांचा जीव नुसता कासावीस होतो.

प्रोपोफॉल हे गुंगीचं दुसरं औषध, ते लवकर उतरतं पण बीपी पाडतं. तिसरं डेक्समेडेटोमिडिन, त्यावर पेशंट हाक मारली की डोळे उघडतो, हात दाबा म्हटलं की दाबतो, मात्र नाडी मंदावते, त्यामुळे ठोके आधीच हळू असतील तर जपून. 2019 साली स्पाइस थ्री नावाचा सुमारे 4000 पेशंटचा अभ्यास आला, त्यात हे औषध देऊन एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण वयाने मोठ्या गटात मृत्यू कमी दिसले आणि तरुणांत उलटं होण्याची शंका आली, म्हणून 2022 मध्ये युरोपात 65 आणि त्याखालच्या वयासाठी इशाराही निघाला. म्हणजे वय बघूनच औषध निवडायला हवं, सगळ्यांना एकच ड्रिप लावून कसं चालेल?

आणि माझ्या मते औषधाच्या नावाइतकाच डोस महत्त्वाचा. आधी दुखणं थांबवा, घशात नळी आहे, ती टोचते, त्यासाठी फेंटानिल वगैरे द्या, मग लागेल तेवढीच गुंगी. शिकागोत 2000 साली रोज थोडा वेळ गुंगी थांबवून पाहिली, तर व्हेंटिलेटरचे दिवस साधारण 7.3 वरून 4.9 वर आले.

तेव्हा राउंडला डॉक्टर भेटले की बिनधास्त विचारा, गुंगीचं औषध कोणतं चालू आहे, आज कमी करून बघणार का? आणि बाबांचा चष्मा, कानाचं मशीन घरी कपाटात ठेवू नका, सिस्टरकडे द्या, जागे झाले की त्यांना नीट दिसायला-ऐकायला हवं ना.