463 पौंड वाम

[पहाट. पाण्यावर धुकं. दूरवर एक लहान होडी.]

ऑगस्ट 1993. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातलं पॉमकेट बंदर. डोनाल्ड मार्शल हा मिकमॉ या आदिवासी समाजातला. तो एका सोबत्याबरोबर जाळी लावतो. 463 पौंड ईल, म्हणजे वाम मासे, मिळतात. विकून हाती येतात 787 डॉलर 10 सेंट. आणि मागोमाग येतो खटला. परवाना नसताना मासेमारी, परवाना नसताना विक्री, बंदीच्या काळात जाळी.

कोर्टाची पायरी मार्शलला नवी नव्हती. 1971 मध्ये, 17 वर्षांचा असताना, न केलेल्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली होती. 11 वर्षं तुरुंगात गेली, मग तो निर्दोष ठरला.

या वेळी त्याने काहीच नाकारलं नाही. मासे पकडले, विकले. त्याचं म्हणणं एवढंच, की हा हक्क आमच्या तहात आहे.

[जुना दस्तऐवज. शाई फिकी पडलेली.]

1760 आणि 1761 मध्ये मिकमॉंनी ब्रिटिश राजसत्तेशी शांतता आणि मैत्रीचे तह केले. त्यात त्यांनी एक गोष्ट कबूल केली होती: आमचा माल आम्ही तुमच्या वखारींतच विकू. वरवर पाहिलं तर हे बंधन. पण 17 सप्टेंबर 1999 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातला दुसरा अर्थ उलगडला. वखारीत माल आणायचा, तर तो आधी मिळवायला हवा. शिकार करून, मासे मारून. मग तो मिळवण्याचा हक्कही तहातच आला. बंधनाच्या पोटात हक्क आहे, हे न्यायालयाला दिसलं, आणि त्यासाठी सव्वादोनशेहून अधिक वर्षं जावी लागली.

मार्शल सुटला. पण निकालाने हक्काला एक माप जोडलं. या मासेमारीतून 'बेताची उपजीविका' करता येईल, संपत्ती साठवता येणार नाही. बेताची म्हणजे किती? आकडा दिला नाही. दोन महिन्यांनी न्यायालयाने खुलासा केला: सरकार या हक्कावर नियम घालू शकतं, मात्र ते का गरजेचे आहेत हे सरकारने पटवून द्यायला हवं. आकडा तेव्हाही आला नाही.

तोवर किनारा पेटला होता. न्यू ब्रन्सविकमधल्या बर्न्ट चर्च इथे बिगर-आदिवासी मच्छीमारांनी मिकमॉंचे लॉबस्टरचे सापळे तोडले. पुढच्या उन्हाळ्यात सरकारी बोटी मिकमॉंच्या लहान होड्यांवर धडकल्या.

[सॉल्नियरव्हिल धक्का. रचून ठेवलेले सापळे.]

17 सप्टेंबर 2020. निकालाला बरोबर 21 वर्षं झाली, आणि सिपेकनेकाटिक या मिकमॉ वस्तीने ठरवलं की आता वाट पाहायची नाही. नोव्हा स्कोशियातल्या सेंट मेरीज उपसागराच्या या धक्क्यावर वस्तीने स्वतःचे मोजके परवाने वाटले. एका परवान्यावर 50 सापळे. याच टापूतल्या व्यावसायिक बोटीला हंगामात 375 ते 400 सापळे टाकता येतात, आणि असे परवाने 900 च्या वर आहेत.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा हंगामाचा होता. व्यावसायिक हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. उन्हाळ्यात लॉबस्टर कात टाकतो, कवच मऊ असतं, अशा वेळी त्याला सोडून द्यावं. मुद्दा खोटा नाही. मिकमॉंकडेही 'नेतुकुलिम्क' हा शब्द आहे: गरजेपुरतं घ्या, पुढच्यांसाठी राखा. पण शेकडो बोटींच्या शेजारी या मूठभर होड्यांनी साठा संपेल, हे पटत नाही.

ऑक्टोबरमध्ये जमाव जमला. मिकमॉंचा माल जिथे ठेवला होता, त्या जागांना वेढा पडला. एक गाडी जाळली गेली. 17 ऑक्टोबरला मिडल वेस्ट पबनिको इथलं लॉबस्टरचं साठवणगृह आगीत खाक झालं.

मार्च 2021 मध्ये मत्स्यमंत्री बर्नाडेट जॉर्डन यांनी सांगितलं: बेताच्या उपजीविकेची मासेमारी व्यावसायिक हंगामातच करावी लागेल. म्हणजे तहाच्या हक्काला वेळापत्रक मिळालं, ते दुसऱ्यांच्या धंद्याचं. इतर कुठल्या मच्छीमाराला आपली कमाई बेताची आहे हे सिद्ध करावं लागतं?

[मेम्बर्टू. रस्ता, घरं.]

मेम्बर्टू हे मार्शलचं गाव. जानेवारी 2021 मध्ये याच गावाच्या पुढाकाराने मिकमॉ वस्त्यांनी क्लिअरवॉटर या मासळी कंपनीत निम्मी भागीदारी घेतली. सौदा 1 अब्ज कॅनेडियन डॉलरचा. त्याबरोबर खोल समुद्रातले परवाने आले. ते पैसे मोजून घेतलेले, सरकारी चौकटीत बसणारे. मार्शल हे पाहायला नव्हता, तो 2009 मध्ये गेला.

आणि सेंट मेरीज उपसागरात, पुढच्या हंगामांतही, मत्स्य खात्याचे अधिकारी मिकमॉंचे सापळे पाण्यातून उचलून नेत राहिले. सापळ्यांना वस्तीने दिलेली चिठ्ठी बांधलेली होती. खात्याच्या लेखी ती नसल्यातच जमा.