शड्डू ठोकणारी पोरं

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात खेळाचा विषय निघाला की आधी कुस्ती, मग फुटबॉल. आज मी बास्केटबॉलबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींच्या आत्मविश्वासाबद्दल. कोर्टाच्या कडेला उभं राहिलं की हल्ली दोन तक्रारी हमखास कानावर येतात. 'चार बास्केट टाकली की स्वतःला जॉर्डन समजायला लागतात.' आणि दुसरी, 'एक शॉट चुकला की मान खाली. जॉर्डन असा होता का?'

तर जॉर्डन कसा होता ते आधी बघू. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये शिकागो बुल्स संघाला सहा अजिंक्यपदं मिळवून देणारा, भरात आलेला मायकेल जॉर्डन. पोराला मात्र आपण सोळाव्या वर्षीच त्याच्याशेजारी उभं करतो. वयाला वय लावून बघा की. 1978 साली विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या जॉर्डनचं नाव शाळेच्या मुख्य संघाच्या यादीत नव्हतं. त्याच्यापेक्षा उंच असलेला एक मुलगा घेतला आणि याला कनिष्ठ संघात टाकलं. त्या दिवशी घरी जाऊन आपण रडलो, हे पुढं त्यानंच सांगितलंय.

कोबी ब्रायंटचं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. एनबीएचा 1997 चा प्लेऑफ, म्हणजे मोसमाच्या शेवटची बाद फेरी, युटा जॅझ संघाविरुद्धचा पाचवा सामना, आणि कोबी अठरा वर्षांचा. चौथ्या क्वार्टरच्या शेवटाला आणि जादा वेळेत मिळून त्याचे चार शॉट असे गेले की चेंडू रिंगला शिवलासुद्धा नाही. सामना गेला, त्याच्या लेकर्स संघाचा मोसम तिथंच संपला. घरी परतल्यावर तो सरळ जिममध्ये गेला आणि शॉट मारत बसला. पण नुसती जिद्द म्हणून हे सांगत नाही. त्यानं कारण शोधलं. शाळेत वर्षाला तीसपस्तीस सामने खेळणारा पोरगा एकदम 82 सामन्यांच्या मोसमात आला होता, शेवटाला पायांत ताकदच उरली नव्हती. शॉट आखूड पडतो तो बहुतेक वेळा पायांमुळं. मग त्यानं पायांवर, ताकदीवर काम केलं. याच माणसानं 22 जानेवारी 2006 रोजी टोरांटोविरुद्ध एका सामन्यात 81 गुण केले.

आमच्या प्रशिक्षक मंडळींनी हे ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं. पोराचा शॉट आखूड पडला की आपण 'डरतोस काय?' म्हणून ओरडतो. तो घाबरलेला नसतो, दमलेला असतो.

आणि घाबरला असला, तरी काय बिघडलं? बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलनं 13 मोसमांत 11 अजिंक्यपदं जिंकली. हा माणूस मोठ्या सामन्याआधी ओकायचा. पोटात इतका गोळा यायचा. आणि त्याचा आवाज ऐकू आला की बाकीच्यांना धीर यायचा, म्हणजे आज बिल तयार आहे!

आता बढाईचं. 1986 साली तीन-पॉइंट शॉटच्या, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून मारायच्या तीन गुणांच्या शॉटच्या स्पर्धेआधी लॅरी बर्ड या एनबीए खेळाडूनं ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना विचारलं होतं, दुसरा नंबर कुणाचा? पहिला त्याचाच आला. आपण कोल्हापूरकरांनी अशा बोलण्याला नावं ठेवू नयेत. खासबागेत पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा त्याला कुणी उर्मट म्हणत नाही. शड्डूशिवाय कुस्तीला रंगच नाही. 2024 च्या जुलैत अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात लेब्रॉन जेम्स, केव्हिन ड्युरंट, स्टेफन करी असताना 22 वर्षांचा अँथनी एडवर्ड्स म्हणाला, पहिला पर्याय मीच. पॅरिसमध्ये तो बदली खेळाडू म्हणून उतरला, आणि 10 ऑगस्टला फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना ओढून आणला तो 36 वर्षांच्या करीनं, आठ तीन-पॉइंटर टाकून. तरीही मला एडवर्ड्सचं बोलणं खटकत नाही. एवढ्या दिग्गजांत उभं राहून असं म्हणायला छाती लागते.

त्या करीचीही एक गोष्ट आहे. शाळेत असताना तो चेंडू कमरेपासून उचलून मारायचा, आणि तो चांगला पडायचासुद्धा. पण उंच पोरं तो अडवणार हे वडिलांनी, डेल करींनी ओळखलं. ते स्वतः एनबीए खेळलेले. एका उन्हाळ्यात त्यांनी त्याचा शॉट मोडून डोक्यावरून मारायला शिकवला. सुरुवातीला जवळूनसुद्धा बास्केट होईना. पोरगा अंगणात रडायचा. जमणारी गोष्ट सोडून न जमणारी धरायची, तीही पंधराव्या-सोळाव्या वर्षी! आत्मविश्वास म्हणतात तो मला तिथं दिसतो.

आपल्याकडंही तो दिसतो, बघणारा पाहिजे. परवा सतरा वर्षांखालच्या मुलींचा एक सामना बघत होतो. शेवटचं मिनिट, एक गुण मागं, एका मुलीला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रेघेवरून मारायचे एकेका गुणाचे शॉट मिळाले. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर. कडेचे लोक ओरडायला लागले. पंचांनी पुन्हा चेंडू दिला. फ्री थ्रोला पाचच सेकंद असतात. तिनं तळहात चड्डीला पुसले, चेंडू तीनदा आपटला, शिवण बोटांखाली फिरवून घेतली, गुडघे पहिल्यापेक्षा जरा जास्त वाकवले आणि मारला. तो पडला, बरोबरी झाली. पुढं त्या हरल्या, ते सोडा. पहिला चुकल्यावर तिनं बाकाकडं बघितलं नाही, आपले गुडघे दुरुस्त केले.

ही सवय सरावानंच लागते. आणि सरावाचंच आपल्याकडं घोडं अडतं. आपली बहुतेक कोर्ट उघडी, सिमेंटची. जूनमध्ये पाऊस लागला की आठवडाभरात शेवाळ धरतं, आणि सप्टेंबरपर्यंत पोरांचा चेंडू घरात पडून राहतो. नेमके शालेय स्पर्धा तोंडावर येतात तेच हे दिवस. मेमध्ये कमावलेला हात ऑगस्टमध्ये जातो, आणि मग आपण म्हणतो पोरांना आत्मविश्वास नाही.

ज्या शाळांकडं, संस्थांकडं उंच छपराचा हॉल आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जमिनीपासून 3.05 मीटरवर रिंग बसेल आणि वर चेंडूला मोकळी जागा राहील, एवढी उंची असली तरी पुरे. अख्खं कोर्ट नको. भिंतीला एक बोर्ड लावा, त्यापासून 4.6 मीटरवर फ्री थ्रोची रेघ मारा आणि पावसाळ्याचे चार महिने संध्याकाळी दोन तास दार उघडं ठेवा. आसपासच्या पेठांतल्या पोरांनाही येऊ द्या, फक्त आपल्याच शाळेच्या नव्हे. देखरेखीला माणूस लागेल, तर जुने खेळाडू गावात पुष्कळ आहेत. त्यांना बोलवा, ते येतील.

नमस्कार.