शंभरपेक्षा त्र्याऐंशी घातक

नमस्कार श्रोतेहो.

कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा म्हटलं की पहिली धास्ती असते प्रोसेसरची. तापेल, जळेल, कामातून जाईल. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बस स्पीडचा आकडा वाढवणार असाल, तर आज धास्ती दुसऱ्याच गोष्टीची बाळगा. प्रोसेसर बहुतेक वेळा तगतो. बिघडते ती डिस्कवरची माहिती, आणि तीही गुपचूप.

बस स्पीड म्हणजे बोर्डाच्या मुख्य घड्याळाचा वेग, आणि त्याला ज्या आकड्यानं गुणायचं तो मल्टिप्लायर. प्रोसेसरचा वेग म्हणजे बस स्पीड गुणिले मल्टिप्लायर. मल्टिप्लायर वाढवलात तर फक्त प्रोसेसर पळतो. बस वाढवलीत तर त्या घड्याळावर चालणारं सगळंच पळायला लागतं. रॅम पळते, आणि बोर्डाच्या रचनेनुसार ग्राफिक्स कार्डाचा मार्ग आणि डिस्क कंट्रोलरही. पुन्हा सांगते: मल्टिप्लायर एकट्याला पळवतो, बस सगळ्यांना.

याचा सगळ्यात चांगला दाखला 1998 सालचा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलनं सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर बाजारात आणला. बस 66 मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर साडेचार आणि तो कुलूपबंद, म्हणून वेग 300. पण चिपच्या पोटातच 128 केबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी मेमरी होती, प्रोसेसरच्याच वेगानं धावणारी, आणि व्होल्टेज अवघं 2.0. हौशी मंडळींच्या लक्षात आलं की मल्टिप्लायर हलत नसला तरी बस हलते. स्लॉट वन नावाच्या खाचेत बसणाऱ्या या प्रोसेसरला बी 21 नावाची एक पिन असते. तिच्यावर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावला की बोर्डाला वाटायचं, हा प्रोसेसर शंभरच्या बसचा आहे. शंभर गुणिले साडेचार, 450 मेगाहर्ट्झ! स्वस्तातला प्रोसेसर थेट दीडपट वेगानं, आणि पुष्कळ चिप्स या वेगाला आरामात चालायच्या.

ज्यांचा प्रोसेसर 450 ला टिकला नाही, ते काय करायचे? हात आखडता घ्यायचे. शंभर झेपत नाही ना, मग 83 ठेवू. 375 मेगाहर्ट्झ मिळतील, जोखीमही कमी. आणि इथंच घात व्हायचा. 83 ची बस शंभरच्या बसपेक्षा जास्त धोक्याची होती.

कारण असं. हार्ड डिस्कचा कंट्रोलर पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं आणि उपकरणं जोडणाऱ्या मार्गावर बसलेला, आणि पीसीआयचा ठरलेला वेग 33 मेगाहर्ट्झ. हा वेग मुख्य बसला भागून मिळतो. इंटेलच्या 440 बीएक्स चिपसेटमध्ये बस 66 असेल तर भागिले दोन, शंभर असेल तर भागिले तीन. दोन्ही वेळा उत्तर 33. पण 83 ला भागाकार दोननंच व्हायचा. उत्तर जवळजवळ 42! प्रोसेसर सव्वापट पळतोय आणि डिस्क कंट्रोलरही सव्वापट पळतोय. शंभरवर मात्र प्रोसेसर दीडपट आणि डिस्क कंट्रोलर अगदी नियमात.

आता 42 ला नेमकं काय मोडतं ते ऐका. 33 मेगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका 30 नॅनोसेकंदांचा. पीसीआयच्या नियमावलीत या 30 ची वाटणी ठरलेली आहे. पाठवणाऱ्या चिपला सिग्नल बाहेर काढायला 11, तारांमधून पोचून स्थिरावायला 10, घड्याळ इकडेतिकडे थोडं पुढेमागे असतं त्यासाठी 2, आणि घेणाऱ्या चिपला तो सिग्नल स्थिर दिसायला हवा त्यासाठी 7. अकरा, दहा, दोन, सात. बेरीज बरोबर तीस, शिल्लक काही नाही. 42 मेगाहर्ट्झला ठोकाच 24 नॅनोसेकंदांचा होतो. सहा नॅनोसेकंद कुठून आणायचे? चिप नियमापेक्षा चपळ निघाली तर काम निभावतं. नाही निभावलं तर सिग्नल स्थिरावण्याआधीच वाचला जातो आणि शून्याच्या जागी एक नोंदला जातो.

यातली वाईट गोष्ट अशी की डिस्कला काही कळतच नाही. डिस्कशी डेटाची देवघेव करायच्या अल्ट्रा डीएमए पद्धतीत चूक पकडायची सोय आहे, पण ती कंट्रोलर आणि डिस्क यांच्यामधल्या केबलपुरती. डेटा त्याआधीच, पीसीआयवर बिघडला असेल, तर कंट्रोलर त्या चुकीच्या डेटावरच खरेपणाचा शिक्का मारून पुढे पाठवतो. फाइल सेव्ह होते, पडद्यावर एक अक्षर तक्रार येत नाही. काही दिवसांनी झिप उघडत नाही, मग एखादा फोल्डर गायब होतो, मग विंडोज सुरूच होत नाही. आणि मालक डिस्कला दोष देतो.

 

पुढे बऱ्याच बोर्डांवर पीसीआयचा वेग लॉक करायची सोय आली आणि हा त्रास ओसरला. 2011 मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिजबरोबर तो परतला: बसच्या जागी आलेलं बेस क्लॉक 100, आणि त्याच घड्याळावर पीसीआयची जागा घेणारी पीसीआय एक्स्प्रेस, डिस्कची साटा जोडणी, यूएसबी सगळं. 105 च्या आसपास बहुतेक बोर्डांचा दम संपायचा. 2015 च्या स्कायलेकपासून पीसीआय एक्स्प्रेसचं घड्याळ वेगळं काढता आलं, पण तुमच्या बोर्डावर ते वेगळं आहे की नाही, हे मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. पीसीआय एक्स्प्रेसला घड्याळात मिळणारी सूट दहा लाखांत 300 भागांची, म्हणजे 100.03 पर्यंतच. 103 म्हणजे त्या सुटीच्या शंभरपट.

तरीही करायचंच असेल, तर आधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. बायोसमधल्या मूळ आकड्यांचे फोटो काढा. मग मल्टिप्लायर एक पायरी खाली आणा, रॅमचा वेगही एक पायरी खाली. डीडीआर 4 ची 3200 ची रॅम 105 च्या बसवर 3360 ला धावते, हे विसरू नका. व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, बोर्ड ते परस्पर चढवतो. 1.20 चे 1.32 झाले तर वेग तोच असूनही उष्णता सुमारे 21 टक्क्यांनी वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते.

बस एकेका मेगाहर्ट्झनं वाढवा. प्रत्येक पायरीला रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर, मग प्रोसेसरला ताण देणारा प्राइम 95 काही तास. पण हे दोन्ही डिस्कचा मार्ग तपासत नाहीत. त्यासाठी रिकाम्या, जुन्या डिस्कवर रॅमपेक्षा मोठी फाइल कॉपी करा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि दोन्ही फाइल्सचा एसएचए 256 हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवा. मशीन बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर फाइल डिस्कऐवजी रॅममधूनच वाचली जाते आणि हॅश खोटाच जुळतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी दिसल्या, तर मशीन कितीही शांत चालत असलं तरी मागे या.

मशीन सुरूच झालं नाही, तर विजेची वायर काढा आणि सीमॉस, म्हणजे बायोसचे आकडे साठवणारी मेमरी, क्लिअर करा. जंपर नसेल तर बोर्डावरची सीआर 2032 बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. आणि डेटा बिघडल्याची शंका आली, तर वाढवलेल्या बसवर चेक डिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमची दुरुस्ती चुकूनही चालवू नका. दुरुस्ती करणारा प्रोग्रॅमही त्याच बिघडलेल्या मार्गानं डिस्कवर लिहितो आणि शाबूत फाइल्सही घेऊन बसतो. आधी बस मूळ आकड्यावर आणा, मग चेक डिस्क नुसतं वाचण्यापुरतं चालवा, आणि ज्या फाइल्स बिघडलेल्या दिसतील त्या काढून ठेवलेल्या प्रतीवरून परत घ्या.