नवा जीवाणू सापडला, पण प्रजाती नवी हे ठरवायचं कसं?

राम राम मंडळी! चोपडा तालुक्यातले, अडावदजवळचे उनपदेवचे गरम झरे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. समजा, तिथला चिखल एखाद्या विद्यार्थिनीने जळगावच्या प्रयोगशाळेत नेला, झऱ्याइतक्याच तापमानाला प्लेटवर वाढवला आणि वेगळ्याच रंगाची वसाहत, म्हणजे जीवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका, उगवली. सापडली का नवी प्रजाती? (इथे जाती म्हणजे स्पीशीज, आणि प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट.) थांबा. नुसत्या रंगारूपावरून जीवाणूचं गोत्र कळत नाही.

आधी ती वसाहत पुन्हा पुन्हा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढत पसरवून, कल्चर (वाढवलेले जीवाणू) शुद्ध करायचं. मग डीएनए काढून पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने, १६एस आरआरएनए जनुकाच्या प्रती काढायच्या. हे जनुक साधारण १५०० अक्षरांचं. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा एक भाग त्यातून तयार होतो. रायबोसोमशिवाय कुठल्याच जीवाणूचं चालत नाही, म्हणून ते सगळ्यांकडे असतं आणि फार सावकाश बदलतं. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारं विकर, टॅक पॉलिमरेज, मुळात आलं थर्मस अ‍ॅक्वाटिकसमधून, म्हणजे अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जीवाणूतून. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा थर्मस ही प्रजातीच नवी होती!

आता जुळवणी. सगळ्यात जवळच्या ज्ञात जीवाणूशी हे जनुक ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळलं, तर जाती नवी असण्याची शक्यता. साधारण ९४.५ टक्क्यांच्याही खाली आलं, तर प्रजाती नवी असू शकते. पण नुसत्या या आकड्यावर 'नवी प्रजाती' जाहीर करणं मला अजिबात पटत नाही. आपल्या कापसातला बीटी घ्या. तो जनुक आला बॅसिलस थुरिंजिएन्सिसमधून. गुरांना फाशी रोग करणारा बॅसिलस अँथ्रॅसिस त्याचाच भाऊबंद. दोघांचं १६एस जवळजवळ सारखं, आणि काम बघा किती वेगळं!

म्हणून पूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, वाचावा लागतो. दोन जीनोमची सरासरी जुळणी ९५-९६ टक्क्यांच्या खाली असेल, तर जाती वेगळी. प्रजातीसाठी प्रथिनं ताडून पाहतात: निम्म्याहून कमी प्रथिनं सामायिक निघाली, तर वेगळ्या प्रजातीचा दावा बळकट होतो. तरीही ही रेघ पक्की नाही. वंशवृक्षात त्या जीवाणूची स्वतंत्र फांदी निघते का, हे मी सगळ्यात आधी बघेन. जोडीला पेशीतली मेदाम्लं, क्विनोन (पेशीच्या श्वसनातले रेणू), ग्रॅम स्टेनिंग (पेशीभित्तिकेनुसार जीवाणू कोणता रंग धरतो), मीठ किती सोसतो, हेही तपासायचं.

आणि नाव? ते लॅटिन धाटणीचं. नव्या प्रजातीची एक नमुना जाती ठरवावी लागते, आणि तिचं जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावं लागतं. पुण्यात असा राष्ट्रीय संग्रह आहे. म्हणून एमएस्सीच्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं: नमुना घेताना जागा, तापमान आणि पीएच तिथेच वहीत लिहा, आणि शुद्ध कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. कल्चर मेलं, तर संग्रहात द्यायला काहीच उरणार नाही.