अंगवळणी पडलेली प्रार्थना
(पुण्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या साधनेवरच्या माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : ख्रिस्ती देवळामागचं अंगण. घमेल्यात जाळ.]

वाळलेली झावळी पेटायला वेळ लागत नाही. काडी लावली की भुर्रकन जाळ होतो आणि दोन मिनिटांत खेळ आटोपतो. वेळ लागतो तो आधी आणि नंतर. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, लोकांनी या घरी नेल्या, कुणी क्रुसामागे खोचल्या, कुणी चौकटीला अडकवल्या. वर्षभर धूळ खाऊन पिवळ्या पडल्यावर त्या आता पिशव्यांतून परत आल्या आहेत.

घमेलं बांधकामावरचं आहे, कडेला अजून सिमेंट दिसतं. राख निवली की देवळाची व्यवस्था बघणारे काका ती बत्त्यानं घोटतात, मग मलमलच्या फडक्यातून चाळतात. शिरा राहिल्या तर कपाळाला टोचतात, असं त्यांचं म्हणणं. पाच पिशव्या झावळ्यांची राख किती? स्टीलची एक वाटी.

[दृश्य : राखेचा बुधवार, सकाळची मिस्सा (उपासना). रांग.]

गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पाठीला लॅपटॉपची बॅग. फादर अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढतात आणि प्रत्येकाला तेच सांगतात : मातीतून आलास, मातीत जाणार. पुढचा माणूस. परत तेच. रांग संपेपर्यंत या वाक्याचा सूरही बदलत नाही. बाहेर पडल्यावर हेल्मेट चढवलं की निम्मा क्रूस पुसला जातो. पुण्यात हेल्मेट घालणारे बेतानंच, त्यामुळे बहुतेकांचा शाबूत राहतो.

इथून उपवासकाळ सुरू. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. मधले 6 रविवार उपवासाचे नाहीत, म्हणून 40. कॅथलिकांचा नियम तसा सौम्य आहे. 18 ते 59 वयाच्या माणसानं राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एकच पूर्ण जेवण घ्यायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. पण मासळी चालते! त्यामुळे शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट, असा सोयीचा मार्ग काही घरांत निघतोच. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण काही एकाच धर्माची मिरास नाही.

येशूनं उपवासाबद्दल जे सांगितलं ते मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे, आणि ते फारच व्यवहारी आहे. उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस. दान करशील तर उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव. प्रार्थना, उपवास आणि दान : या 40 दिवसांचा सगळा डोलारा या तीन खांबांवर उभा आहे.

[दृश्य : दोन खोल्यांचं घर. चटई. रात्र.]

या आजींच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कपाळाला राख लावत नाहीत. त्या प्रोटेस्टंट. माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, आताच्या अहिल्यानगरचं. पुण्यातल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांची मुळं तिकडेच निघतात. रात्री साडेआठला टीव्ही बंद होतो, चटई पसरते, आणि कुटुंबाची उपासना सुरू होते. आज वाचायची पाळी नातवाची.

"आजी, झोप येतेय."

"येऊ दे. स्तोत्र वाच, मग झोप."

तो वाचतो. दोनदा अडखळतो. आजींना ते स्तोत्र पाठ आहे, त्या ओठांनी पुढचा शब्द लावतात, आवाज मात्र काढत नाहीत. आजींच्या बायबलला शिवणयंत्राच्या दोऱ्यानं टाके घातलेत आणि समासात पेन्सिलीनं तारखा लिहिल्या आहेत : कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाची दहावी. मग गाणं. वाद्य नाही, टाळ्याही नाहीत. गाणं टिळकांचं.

हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी मराठी देवळांत गायली जात ती बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरं. टिळकांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, आणि तुकोबांचं ऋण कधी लपवलं नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते सांगत. खरं तर ही वाट त्याहून जुनी. 1616 मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं आणि देवळांत वाचलं जाऊ लागलं. पण पेटी, तबला, झांजा घेऊन मांडी घालून भजनाला बसणं मराठी मंडळ्यांत मुरलं, त्यात टिळकांचा वाटा फार मोठा.

[दृश्य : रविवारची उपासना. पेटीवरची बोटं, झांजा.]

(इथं निवेदन नाही. भजन चालू द्यावं.)

[दृश्य : गुरुवार पेठ. पवित्र नाम देवालयाचा मनोरा.]

पंचहौद. पुणेकराला हे नाव माहीत असतं ते चहामुळे. 1890 साली इथल्या मिशनच्या कार्यक्रमाला लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि शहरातली बरीच बडी मंडळी आली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि पुढची दोन वर्षं पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, गाजलं. कोण चहा प्यालं, कुणी नुसता कपाला हात लावला, प्रायश्चित्त घ्यायचं की नाही? वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला.

चहा सगळ्यांच्या लक्षात राहिला. आत रोज काय चालायचं, ते नाही. हे मिशन चालवणारे काऊली फादर्स आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या वाँटेजच्या सिस्टर्स हे व्रतस्थ संघ होते. त्यांच्या दिवसाला प्रहरांच्या प्रार्थनांची चौकट असे. शाळा, दवाखाना, अनाथ मुलं ही सगळी कामं या घंटांच्या मधल्या वेळात बसवायची. हातातलं काम राहिलं तर राहिलं, घंटा झाली की उठायचं.

याच वाँटेज संघाच्या इंग्लंडमधल्या मठात 1883 मध्ये पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

[दृश्य : पुणे-दौंड रेल्वे, खिडकीतून शेतं. केडगाव स्टेशनचा फलक.]

रमाबाईंचं शारदा सदन 1890 मध्ये मुंबईहून पुण्याला आलं आणि पुढे काम केडगावला गेलं. केडगावच्या या 'मुक्ती' मिशनची गोष्ट सांगताना लोक 1905 च्या जूनअखेरच्या दिवसांवर येतात : शेकडो मुली रात्र-रात्र रडत, गात, मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, त्याची बातमी देशोदेशी पोहोचली. आम्हाला त्याच्या आधीचे सहा महिने महत्त्वाचे वाटतात. जानेवारीत साधारण 70 जणी रोज ठरल्या वेळी जमू लागल्या. जूनपर्यंत त्या 550 झाल्या, आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. ते सहा महिने बातमीत आले नाहीत, कारण त्यात बातमीसारखं काही नव्हतं. रोज यायचं, बसायचं, उठायचं, कामाला लागायचं.

काम कसलं, तर शेती, विणकाम, छपाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल इथल्याच छापखान्यात इथल्याच बायकांनी छापलं. ते 1924 मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडलं. त्याच्या दोन वर्षं आधी रमाबाई गेल्या होत्या.

[दृश्य : शिवाजीनगर. मेट्रोचे खांब, रिक्षा, मग आतली झाडं.]

शिवाजीनगरच्या या गर्दीत एक आश्रम आहे. फादर जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तो नगर जिल्ह्यात. काही वर्षांत तो पुण्यात आला. इंग्रज आणि भारतीय एकाच पंगतीत, जमिनीवर बसून, शाकाहारी जेवत. अंगावर खादी. तेव्हाच्या कॅम्पातल्या साहेबी देवळांना हे किती खुपलं असेल! आदिवासींच्या अभ्यासासाठी पुढे गाजलेले व्हेरिअर एल्विन 1927 मध्ये भारतात आले ते याच संघात. 1972 मध्ये आश्रम नव्यानं सुरू झाला, या वेळी स्त्रियांनी चालवलेला. वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्स आणि सेक्रेड हार्टच्या कॅथलिक सिस्टर्स एका छपराखाली. त्यांत वंदना माताजी होत्या, मूळच्या पारशी. सारा ग्रँट होत्या, ब्रिटिश, शांकरवेदान्ताच्या गाढ्या अभ्यासक. ध्यानाला बसताना समोर उपनिषद आणि बायबल दोन्ही. यावर टीका झाली, दोन्ही बाजूंनी झाली.

[दृश्य : रामवाडी मेट्रो स्टेशन. नगर रोडची वाहतूक. मग साधनागृहाचा व्हरांडा. पायांचा आवाज.]

नगर रोडवर रामवाडीला 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पेपल सेमिनरी आली. फादर होऊ पाहणारी मुलं इथं शिकतात. या शहरात एक जुनी शिस्तही रुजली आहे : इग्नेशियस लोयोलांची.

इग्नेशियस स्पेनचे. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणाला खिळले, आणि पुढच्या वर्षी मान्रेसा गावी जाऊन राहिले. तिथं स्वतःवर जे प्रयोग केले त्यांची टिपणं ठेवली. त्या टिपणांतून साधनेची एक पोथी तयार झाली, तिला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. पूर्ण साधना 30 दिवसांची, मौनात. बोलायचं ते फक्त मार्गदर्शकाशी, दिवसातून एकदा. इग्नेशियसनी काढलेल्या येशूसंघाचा (जेझुइट) फादर ती आयुष्यात दोनदा करतो, आणि दर वर्षी 8 दिवसांची छोटी.

शहराच्या कडेच्या या साधनागृहात आता 8 दिवसांचं रिट्रीट चालू आहे. जेवणघरात तीस माणसं आणि फक्त चमच्यांचे आवाज. आमटी हवी असेल तर समोरच्यानं ओळखायची. नाही ओळखली तर आमटीशिवाय जेवायचं.

या साधनेतली एक गोष्ट कुणालाही घरी करता येते. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दिवसाची झडती. आधी जे मिळालं त्याबद्दल आभार. मग नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा. मग सकाळपासून एकेक तास उलगडत यायचं, चुकलं तिथं क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. याखेरीज इग्नेशियस आणखी एक बारीक युक्ती देतात. एकच अवगुण निवडायचा. तो घडला की लगेच छातीला हात लावायचा, चारचौघांत असलो तरी, कुणाच्या लक्षात न येईल असा. वहीत प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा आखायच्या, दुपारी एका रेघेवर आणि रात्री दुसरीवर तितके ठिपके द्यायचे. मग सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी ताडून बघायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. अध्यात्म म्हणजे काहीतरी धूसर, अशी समजूत असलेल्यानं ही किराणा दुकानदाराची शिस्त एकदा बघावी.

सत्तरच्या दशकात फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली, ती नंतर लोणावळ्याला गेली. मुंबईत जन्मलेले डिमेलो इग्नेशियसच्या साधनेआधी माणसाला नुसतं बसायला शिकवत. डोळे मिटा. कानावर पडतील ते आवाज ऐका, त्यांना नावं देऊ नका. आत येणारा श्वास नाकपुडीला कुठे लागतो ते बघा. त्यांची शिबिरं देशोदेशी झाली, पुस्तकं कितीतरी भाषांत गेली. 1987 मध्ये ते वारले. 1998 मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या काही लिखाणाबाबत सावधगिरीची सूचना काढली.

[दृश्य : खराडीतला फ्लॅट. टेबलावर चौकटीची वही.]

हा तरुण आयटीत आहे. त्याचा निवडलेला अवगुण : गाडी चालवताना शिव्या. नगर रोडवर रोज ये-जा करणाऱ्याला याहून योग्य अवगुण सापडणं कठीण. वहीत उपवासकाळाचा पहिला आठवडा ठिपक्यांनी गजबजलेला दिसतो. त्याला विचारलं, रोज रात्री बसून काही जाणवतं का? "बहुतेक वेळा काहीच नाही," तो म्हणाला, "पण बसतो."

त्याच्या कंपनीतले सहकारी ध्यानाच्या शिबिरांना पैसे भरून जातात. आपल्या देवळाच्या मागच्या इमारतीत हे शिकवतात, हे त्यालाही गेल्याच वर्षी कळलं. कुणी सांगितलंच नव्हतं. शिकणारे थोडे आहेत.

[दृश्य : शुक्रवारची क्रुसाची वाट. मांडवाखाली गुडघे.]

येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची 14 स्थानं. प्रत्येक स्थानाशी गुडघे टेकायचे, उठायचं, पुढे जायचं. तरण्यांना सहाव्या स्थानापर्यंत काही वाटत नाही. म्हातारी माणसं खुर्चीच्या पाठीला धरून उठतात आणि पुढच्या स्थानाशी परत टेकतात. त्यांना कुणी बसा म्हणत नाही. म्हटलं तरी ऐकणार नाहीत.

[दृश्य : पवित्र गुरुवार. बारा जणांचे पाय, पितळी घंगाळ, टॉवेल.]

यंदा बारांत एक सफाई कामगार, एक नर्स, एक रिक्षावाले काका. येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर गुडघ्यावर बसून पाय धुतात, पुसतात, चुंबन घेतात. काका पाय मागे ओढतात, फादर हसून परत पुढे घेतात.

[दृश्य : सूचनाफलक. जागरणाची यादी.]

रात्रीचं जागरण विभागवार. नऊ ते दहा महिला मंडळ, दहा ते अकरा भजनी मंडळ, अकरा ते बारा युवक. खाली लाल पेनानं : मोबाईल घरी ठेवावेत. शुक्रवारी मिस्सा नसते. दुपारी तीनला क्रूसवंदन आणि शनिवारी रात्रीपर्यंत घंटेऐवजी लाकडी टाळ.

[दृश्य : खराडीच्या त्या तरुणाची वही, जवळून.]

पवित्र आठवडा : सोमवारी चार ठिपके, मंगळवारी तीन, बुधवारी दोन, गुरुवारी एक. शुक्रवार, शनिवार, रविवार कोरे, पण त्याला सुट्टी होती आणि गाडी बाहेर काढलीच नव्हती, असं तो स्वतःच सांगतो. ईस्टरनंतरचा सोमवार, ऑफिस सुरू : नऊ. मंगळवारच्या दोन रेघा आखून ठेवल्या आहेत.