पत्र कोणाचं?

नमस्कार श्रोतेहो. सकाळी मोबाइल उघडला की बातम्यांची रांग लागते. त्यातली पहिली कुठली आणि दहावी कुठली, हे कोण ठरवतं? त्यासाठी आधी पुण्यात जाऊ या.

४ जानेवारी १८८१ला 'केसरी' निघाला. पहिले संपादक कोण? टिळक नव्हेत, गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूरच्या दिवाणावर टीका केली म्हणून झालेल्या बदनामीच्या खटल्यात दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर राहिले, एवढी त्यांची मैत्री. पण बालविवाह, केशवपन यांवर आगरकरांची लेखणी चालू लागली आणि बिनसलं. पत्र चालवणारी मंडळी अनेक होती आणि ही मतं 'केसरी'च्या नावावर जावीत, हे त्यातल्या बहुतेकांना मान्य नव्हतं. लेखणी आगरकरांची, पण पत्र मंडळींचं. नीट ऐका, लेखणी आगरकरांची, पत्र मंडळींचं! १८८७मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. ब्रीद होतं, 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार'. सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्यानं शरीर पोखरलेलं, तरी हा माणूस लिहीत राहिला. १८९५ला गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. शाळेत हा वाद 'आधी राजकीय की आधी सामाजिक' एवढाच शिकवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पत्र कोणाचं, हा धडा राहूनच जातो.

आगरकरांना निदान दुसरं पत्र काढता आलं. आज व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, तिन्ही एकट्या मेटाचे. यूट्यूब गूगलचं. वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. मुद्रक-प्रकाशकांची नावं छापायची ही रीत १८६७च्या कायद्यापासूनची. फॉरवर्ड केलेल्या मजकुराखाली असं काही नसतं. मालकानं बातमी दाबायलाच हवी असं नाही. वर कुठली आणि खाली कुठली, एवढं त्यानं ठरवलं तरी पुरतं.

आणि आपल्या रेडिओचंच बघा. खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. मला हे मुळीच पटत नाही.

पण लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं, तेही सांगतो. २०१५मध्ये फेसबुकनं 'फ्री बेसिक्स'च्या पानपानभर जाहिराती दिल्या. काही संकेतस्थळं फुकट, पण आत कोणी यायचं याचे नियम फेसबुकचे. नेट सगळ्यांना सारखं हवं म्हणून त्या वर्षी लोकांनी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, लाखो ईमेल धाडले होते. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायनं मजकूर बघून वेगवेगळे दर लावायला मनाई केली, आणि त्याच आठवड्यात फेसबुकनं 'फ्री बेसिक्स' भारतातून मागे घेतलं.