वाडीची खबर वाडीला

नमस्कार श्रोतेहो. गावाकडचा कम्युनिटी रेडिओ आणि इंटरनेट हा आजचा विषय. पण त्याआधी माझ्या काकूची गोष्ट ऐका.

काकू श्रीवर्धन तालुक्यात राहते. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि तिचा फोन लागेनासा झाला. मी इथे परळच्या खोलीत दर तासाला नंबर फिरवतोय, आणि पलीकडून तेच, 'संपर्क क्षेत्राबाहेर'. सहाव्या दिवशी शेजारच्या मुलानं तिला मोटरसायकलवर बसवून वरच्या सड्यावर रेंजमध्ये नेलं, तेव्हा कुठे तिचा आवाज ऐकला. पहिलं वाक्य काय बोलावं तिनं? "अरे, माझे सेल संपले."

रेडिओचे सेल, श्रोतेहो! वीज नाही, टॉवर बंद, दारातल्या पोफळी आडव्या. ती मात्र सेल उन्हात ठेवून, परत घालून बातम्या ऐकत होती. "रेडिओनं अलिबाग सांगितलं, श्रीवर्धन सांगितलं," काकू म्हणाली, "पण आमच्या वाडीचा रस्ता मोकळा झाला का, ते कोण सांगणार?"

ते सांगितलं गणपती मंडळाच्या पोरांनी. बॅटरीवरचा कर्णा रिक्षाला बांधला आणि वाडीवाडीत फिरले. जनरेटर कुणाकडे आहे, मोबाईल कुठे चार्ज होईल, पंचनाम्याला तलाठी कधी येणार. तिच्या अंगणात रिक्षा थांबली की काकू हातातला अडकित्ता खाली ठेवायची आणि लक्ष देऊन ऐकायची.

वाडीची खबर वाडीला, वाडीच्या आवाजात. हेच काम गावातल्याच लोकांनी चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र करतं, तोच कम्युनिटी रेडिओ.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही असं केंद्र काढता येतं. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी चालते. शंभर वॉटचा ट्रान्समीटर, आवाज साधारण दहा किलोमीटर. शंभर वॉट! आपल्या घरातला जुना पिवळा बल्ब तेवढाच असायचा.

आणि ब्रॉडबँड? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ ला मंजूर झाली, तिलाच आज भारतनेट म्हणतात. पण पंचायतीत केबल आली म्हणजे घरात इंटरनेट आलं, असं नाही. पुन्हा सांगतो, पंचायतीत आली म्हणजे घरात आली नाही. पुढची वायर कोण ओढणार, तुटली तर कोण जोडणार, लाईट गेल्यावर बॅटरी कुणाची, हे गावातच ठरायला हवं. ती लाईन चालू राहिली तर म्हसवडचा कार्यक्रम श्रीवर्धनला ऐकू येईल. वादळात ती तुटलीच, तर शंभर वॉटचं केंद्र बॅटरीवर बोलत राहील. मला दोन्ही हवीत. कंपन्या मोबाईलमधला एफएम रेडिओ काढून टाकतात, तेही मला मुळीच पटत नाही.

गणपतीला गावी जाल, तेव्हा पंचायतीत डोकवा. भिंतीवर फायबरची पेटी असेल, तिचा हिरवा दिवा लागलाय का बघा. नसेल, तर ग्रामसभेत विचारा. मीही विचारणार आहे. काकूचे सेल आणून ठेवलेत, मोठे, चार.